पाठीचे स्नायू व त्यांचे कार्य



जिच्याकडून आपण पहाटेपासून रात्रीपर्यंत काम घेतो, परंतु जी आपणांस स्वतःच्या डोळ्यांनी कधीच दिसत नाही, ती आपली पाठ होय. खुरपे हातात असते खरे, पण तासन् तास वाकून राहाते ती पाठ. विहिरीतून घागर ओढितात ते हात, पण त्या ओढीचा भार जातो तो पाठीवर. हात थकले तर खाली सोडता येतात, पाय थकले तर बसता येते; पाठ मात्र बसल्यावरही काम करीतच असते. आणि ती एकदा धरली म्हणजे सगळा संसार अडतो, कारण मजुरी करणाऱ्या घरात पाठ हेच भांडवल असते. असे असून ह्या भांडवलाची रचना कशी आहे, ते कशाने वाढते व कशाने बुडते, ह्याविषयी आपण फारच थोडा विचार करितो. यास्तव ह्या धड्यात पाठीच्या स्नायूंची ओळख करून घेऊ.

धड्याचे सार प्रारंभीच सांगून ठेवितो. पाठ केवळ हाडांनी उभी नाही, ती स्नायूंनी उभी आहे. आणि स्नायू कामाने टिकतो, पडून राहिल्याने झिजतो. हे सूत्र ध्यानात धरून पुढे चालावे.

१. कणा एकटा उभा राहू शकतो काय?

पुष्कळांची अशी समजूत असते की, पाठीचा कणा हा तुळईखालच्या खांबासारखा एकसंध व ताठ आहे. तसे नाही. कण्यात साधारणपणे ३३ मणके असतात: मानेत ७, छातीच्या मागे १२, कमरेत ५, त्याखाली ५ आणि शेवटी माकडहाडाचे बहुधा ४. ह्यांपैकी खालचे ९ वयात येता येता जुळून त्यांची दोन हाडे बनतात; वरचे २४ मात्र सुटे राहातात. मानेतल्या पहिल्या दोन मणक्यांमधील जागा सोडली, तर दर दोन सुट्या मणक्यांच्या मध्ये एक चिवट गादी असते, आणि हे सर्व अस्थिबंधांनी, म्हणजे हाडास हाड बांधणाऱ्या पट्ट्यांनी, एकत्र राखिलेले असते.

हा मनोरा स्नायूंवाचून किती भार सोशील? अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातील लूकस व ब्रेसलर ह्या दोघांनी १९६१ साली ह्याची परीक्षा पाहिली. मृत देहातील कणा घेऊन त्यांनी त्यावरचे स्नायू काढून टाकिले. हाडे, गाद्या व अस्थिबंध तेवढे ठेविले. मग बूड पक्के बसवून वरून भार दिला. सुमारे २ किलो भार होताच कणा एका बाजूस लवून गेला. आता विचार करा. मनुष्याचे नुसते डोकेच ह्याच्या दुपटीहून अधिक भरते! मग आपण भरलेली घागर किंवा गवताचा भारा डोक्यावर घेऊन कोसभर चालतो, ते कशाच्या बळावर?

तंबूचा खांब पाहा. तो जमिनीत फारसा रोवलेला नसतो. चहूकडून ताणलेल्या दोरांनी तो उभा असतो. दोर सैल पडले की खांब कलंडतो. आपला कणा हा तसा खांब होय, आणि स्नायू हे त्याचे दोर. भेद इतकाच की, हे दोर जिवंत आहेत. आपण हललो, वाकलो, वळलो की त्या त्या क्षणी कोणी किती ताणावे व कोणी किती सोडावे हे मेंदूच्या आज्ञेने ठरत असते.

२. स्नायूंचे थर

ह्या देशातील प्राचीन शल्यशास्त्राचा ग्रंथ जो सुश्रुतसंहिता, त्यात शरीर आतून पाहण्याची एक रीत सांगितली आहे. मृत शरीर गवताने गुंडाळून सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवावे, आणि मग वाळा, बांबू इत्यादींच्या कुंच्यांनी हळूहळू घासून त्वचेपासून आतपर्यंत एकेक भाग पाहावा, अशी ती रीत आहे. त्या ग्रंथात शरीरातील पेशींची, म्हणजे स्नायूंची, संख्या ५०० दिली आहे. आजचे शरीरशास्त्र ६०० हून अधिक स्नायू मोजते. पुढे युरोपात व्हेसेलियस नामक विद्वानाने १५४३ साली छापलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात एकेक थर उतरवीत स्नायूंची चित्रे दिली. आपणही मनाने तसाच एकेक थर उचलून पाहू.

वरचा थर. त्वचेखाली प्रथम दिसतो तो ट्रॅपीझियस. डोक्याच्या मागच्या हाडापासून छातीमागच्या शेवटच्या मणक्यापर्यंत तो कण्याला लागून असतो, आणि बाहेरच्या अंगास खांद्यापर्यंत पोहोचतो. उजवा व डावा मिळून पतंगाचा आकार होतो. त्याचा वरचा भाग खांदा उचलितो, मधला भाग खांद्याची पाती मागे ओढितो, आणि खालचा भाग ती खाली खेचितो. त्याच्या खाली, कमरेपासून काखेकडे पसरलेला, लॅटिसिमस डॉर्सी हा रुंद स्नायू असतो. तो कणा व कमरेचे हाड येथून निघून दंडाच्या हाडास जाऊन चिकटतो. वर उचललेला हात खाली व मागे ओढणे हे त्याचे मुख्य काम. रहाटावरून दोर ओढणारा, कुऱ्हाडीचा घाव घालणारा, माडावर चढणारा, हे सर्व ह्याच स्नायूच्या जोरावर आपले काम करितात. ट्रॅपीझियसच्या आड आणखी तीन लहान स्नायू खांद्याचे पाते कण्याशी बांधून ठेवितात.

ह्यावरून एक चमत्कारिक गोष्ट दिसून येते. वरचा थर पाठीवर पसरला असला तरी चाकरी करितो ती खांद्याची व हाताची. म्हणूनच दिवसभर कुदळ मारिल्यावर हात दुखतात त्याबरोबर पाठीचा वरचा भागही दुखतो.

मधला थर. हा अगदी पातळ असून बरगड्यांना चिकटलेला असतो. श्वास घेताना व सोडताना बरगड्यांच्या हालचालीस तो साह्य करीत असावा असे समजले जाते.

खोल थर. पाठीचे खरे धनी हे होत. कण्याच्या दोन्ही अंगांना हात लाविला म्हणजे दोन जाड वळ्या लागतात. त्या इरेक्टर स्पायनी ह्या स्नायूच्या होत. वेणीच्या तीन पेडांप्रमाणे ह्याचे तीन भाग कमरेच्या हाडापासून निघून बरगड्या व मणके ह्यांस धरीत वर चढतात, आणि त्यांतील काही पेड डोक्यापर्यंत जातात. वाकलेल्यास सरळ करणे, सरळ असलेल्यास पुढे पडू न देणे, आणि बाजूस कलताना तोल राखणे हे त्यांचे काम.

त्यांच्याही आत, हाडांना बिलगून, मल्टिफिडस हा स्नायू असतो. त्याचे आखूड तंतू खालच्या मणक्यापासून निघून दोन ते चार मणके ओलांडून वरच्या मणक्यास धरितात. तो कमरेत सर्वांत जाड असतो. मोठे स्नायू सबंध पाठ वाकविणारे व उभारणारे. हा मात्र एकेक मणका जागच्या जागी धरणारा. सगळ्यांत आत, शेजारच्या दोन मणक्यांना जोडणारे चिमुकले स्नायू असतात. त्यांत जोर थोडा. परंतु मणका कोठे आहे व किती कलला आहे ह्याची वार्ता मेंदूस कळविण्याचे काम त्यांचे असावे, असे शास्त्रज्ञ म्हणतात.

३. हाताने पाहण्याजोगी परीक्षा

वाचकहो, आता उठून उभे राहा आणि पुढील तीन गोष्टी स्वतः करून पाहा. ज्यांची पाठ सध्या दुखत आहे त्यांनी हे करू नये.

पहिली. दोन्ही हातांचे अंगठे कमरेच्या मागे कण्याच्या दोन्ही अंगांस ठेवा आणि जागच्या जागी हळूहळू पावले टाका. उजवा पाय उचलिला की उजव्या अंगाचा स्नायू कठीण होतो, डावा उचलिला की डाव्या अंगाचा. पाय उचलिल्याने त्या बाजूची कंबर खाली पडू पाहाते, तिला हा स्नायू वर धरितो. म्हणजे चालणे हे केवळ पायांचे काम नसून, दर पावलाला पाठ राबत असते.

दुसरी. अंगठे तेथेच ठेवून थोडे पुढे वाका. दोन्ही वळ्या ताठ झालेल्या लागतील. स्नायूला ढकलता येत नाही, त्याला ओढताच येते. पण ओढीत असताना तो लांबतही असतो. विहिरीत घागर सोडताना आपण दोर हातातून सावकाश जाऊ देतो, तसेच पाठीचे स्नायू वाकणाऱ्या शरीराला सावकाश खाली सोडितात.

तिसरी. आता हळूहळू पूर्ण वाकून हात खाली लोंबू द्या. त्या वळ्या एकदम मऊ पडतील. इंग्लंडमध्ये फ्लॉइड व सिल्व्हर ह्यांनी १९५५ साली विद्युत्-यंत्राने हेच दाखविले. मनुष्य पूर्ण वाकला की त्याच्या पाठीचे हे स्नायू जवळजवळ गप्प होतात आणि भार अस्थिबंधांवर जातो. भाताची लावणी करणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. फार वेळ वाकून राहिल्याने अस्थिबंध ताणून सैल होतात, आणि ते पूर्ववत् होण्यास काही वेळ लागतो. म्हणून बराच वेळ लावणी किंवा खुरपणी केल्यावर लगेच रोपांची जड पाटी उचलू नये. प्रथम ताठ उभे राहून, कमरेवर हात ठेवून, मागे थोडे लवावे, चार पावले चालावे, आणि मग ओझ्याला हात घालावा.

४. ओझ्याचा हिशेब

कमरेतील हे स्नायू गादीच्या मध्यापासून सुमारे ५ सेंटिमीटर मागे असतात. ओझे मात्र आपण पुढे धरितो. हा एक विषम दांड्यांचा तराजू झाला. समजा, २० किलोचे पोते कोणी शरीरापासून दूर, म्हणजे गादीपासून ४० सेंटिमीटर पुढे धरिले. ४० हे ५ च्या आठ पट होतात. म्हणून ते ओझे तोलण्यासाठी स्नायूंना २० च्या आठ पट, म्हणजे १६० किलोच्या जोराने ओढावे लागते. तेच पोते पोटाशी घेतले व अंतर २० सेंटिमीटर झाले, तर ८० किलोचा जोर पुरतो. ह्यात आपल्या धडाचा व डोक्याचा भार धरिलेला नाही. वाकल्यावर तोही ह्यात मिळतो. पोते तेच, मनुष्य तोच, परंतु कष्ट निम्मे. सबब ओझे उचलण्याचा पहिला नियम असा की, ते अंगाशी घ्यावे. दुसरा असा की, उचलता उचलता कमरेतून वळू नये; वळावयाचे असेल तर पावले फिरवावी. तिसरा असा की, एका दमात न झेपणारे ओझे दोन खेपांत न्यावे किंवा जोडीला माणूस बोलवावा.

डोक्यावरच्या ओझ्याची गोष्ट निराळी आहे. चुंबळीवर नीट बसविलेल्या घागरीचा भार सरळ कण्यावरून खाली उतरतो, पुढे लोंबत नाही. म्हणून स्नायूंना तो तोलणे सोपे जाते. आफ्रिकेत केनिया देशातील लुओ व किकुयू जातींच्या स्त्रियांची परीक्षा १९८६ साली प्रसिद्ध झाली. त्यांत असे दिसले की, आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतके ओझे डोक्यावर घेऊन चालताना त्यांस अधिक प्राणवायू खर्चावा लागत नाही. पण ह्यावरून पुरुषमंडळींनी असा अर्थ काढू नये की, बायकांना पाणी वाहण्याचे कष्टच होत नाहीत! त्या स्त्रिया ओझ्याला सरावलेल्या होत्या, आणि ओझे मर्यादेचे होते. मानेच्या गाद्यांवर भार तर पडतोच. शिवाय घागर कडेवर घेतली म्हणजे दुसऱ्या अंगाच्या स्नायूंना शरीर कलू न देण्यासाठी सारा वेळ ओढीत राहावे लागते. बाळंतिणीची पाठ व पोटाचे स्नायू तर काही काळ दुबळेच असतात. घरात धडधाकट पुरुष असता अशा बाईने घागरी वाहाव्या हे न्यायाचे नव्हे. पाण्याच्या खेपा घरात वाटून घेणे हा पाठीच्या औषधांतला एक मोठा उपाय आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.

५. पाठ धरते तेव्हा

वाकताना किंवा उचलताना कमरेत एकाएकी कळ येते आणि मनुष्य जागीच खिळतो. कोणी म्हणतात उसण भरली, कोणी चमक, कोणी लचक. अशा वेळी खोलचे स्नायू आपोआप आकसून दुखऱ्या जागेस जणू पहारा देतात. पाठ फळीसारखी होते ती ह्यामुळे. हे भयंकर वाटते, पण बहुधा भयंकर नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लक्ष लोकांस कंबरदुखी होती. आणि कंबरदुखीच्या शंभर रोग्यांपैकी सुमारे नव्वदांत कोणताही विशेष रोग किंवा मोडतोड कारण म्हणून दाखविता येत नाही. नव्याने आलेले असे दुखणे पुष्कळांचे काही आठवड्यांत उणे होते.

आपल्या महाराष्ट्रात अशी चाल आहे की, उसण भरली म्हणजे पायाळू, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी आले अशा, मनुष्याकडून कमरेवर लाथ मारवून घ्यावी. ह्यात खरे काय घडते? दुखणे आपल्या क्रमाने उतरणारच असते. लाथ बसली तरी उतरते, न बसली तरी उतरते. यश लाथेला मिळते. परंतु ज्याचा मणका आतून रोगाने पोखरला आहे, किंवा उतारवयात ठिसूळ झाला आहे, त्याच्या कमरेवर ती लाथ बसली तर जन्माचे अधूपण यावयाचे. म्हणून ही चाल सोडणे बरे.

दुसरी चूक ह्याच्या उलट, म्हणजे पंधरा पंधरा दिवस खाटेवर पडून राहाणे. पूर्वी वैद्य व डॉक्टरही असे सांगत. १९८६ साली अमेरिकेत कंबरदुखीच्या काही रोग्यांस दोन दिवस व काहींस सात दिवस पडून राहण्यास सांगून पाहिले. सात दिवसवाल्यांस काही अधिक लाभ झाला नाही. उलट कामाचे दिवस त्यांचेच जास्त बुडाले. १९९५ साली फिनलंडच्या हेलसिंकी शहरात नगरपालिकेच्या १८६ नोकरांवर प्रयोग झाला. काहींस दोन दिवस निजविले, काहींस पाठीचे व्यायाम दिले, आणि काहींस सोसवेल तितके नेहमीचे व्यवहार करीत राहा असे सांगितले. ह्या शेवटच्यांस सर्वांत लवकर आराम पडला.

ह्याचे एक कारण ऑस्ट्रेलियातील शोधावरून कळते. हाइड्स नामक विदुषी व त्यांचे सहकारी ह्यांना १९९४ साली असे आढळले की, कमरेच्या ज्या बाजूस दुखते त्याच बाजूचा मल्टिफिडस थोड्याच दिवसांत रोडावतो. पुढे १९९६ साली त्यांनी दाखविले की, दुखणे गेले तरी तो स्नायू आपोआप भरून येतोच असे नाही. त्याला कामाला लावावे लागते. म्हणजे वेदना गेली, पण तंबूचा एक दोर सैलच राहिला. एकदा उसण भरलेल्यास ती पुन्हा का भरते ह्याचे एक कारण ह्यात असावे.

म्हणून असे करावे. पहिले एक दोन दिवस कळ फार असेल तर विसावा घ्यावा, गरम कापडाने शेकावे. परंतु अधूनमधून उठून चालावे. पुढे दररोज थोडे थोडे चालणे वाढवावे. जड ओझे काही दिवस टाळावे. कळ ओसरली म्हणजे सकाळी सतरंजीवर रांगणाऱ्या मुलाप्रमाणे हात व गुडघे टेकावे, आणि उजवा हात पुढे व डावा पाय मागे सरळ लांब करून पाच श्वासांइतका वेळ धरावा. मग बाजू बदलावी. असे प्रत्येक बाजूस आठ दहा वेळा करावे. ह्याने खोलच्या स्नायूंना काम मिळते.

६. ही लक्षणे दिसल्यास विलंब करू नये

वर सांगितले ते साध्या दुखण्याविषयी. पुढील लक्षणांपैकी एकही असेल, तर घरगुती उपाय न करिता डॉक्टरांकडे जावे:

पायांत जोर कमी होत जाणे. लघवी किंवा शौच ह्यांवरील ताबा जाणे अगर लघवी अडणे. बसावयाच्या जागी बधिरपणा येणे. ही लक्षणे असता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे.

झाडावरून किंवा गाडीवरून पडल्यानंतर दुखणे. अशा रोग्यास उठवून बसवू नये. फळीवर सरळ निजवून न्यावे.

संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, भूक मंद, वजन घटणे, आणि त्याबरोबर आठवडे लोटले तरी न राहणारी पाठदुखी. हा मणक्यांचा क्षय असू शकतो. पॉट नामक इंग्रज शल्यवैद्याने १७७९ साली ह्याचे वर्णन केले. त्या काळी ह्यावर औषध नव्हते; आज आहे, आणि सरकारी दवाखान्यात ते विनामूल्य मिळते. वेळेवर व पुरते महिने घेतल्यास कुबड व लुळेपणा बहुतकरून टळतो. मुलाच्या पाठीवर उंचवटा दिसू लागला तर त्यास कोणाची दृष्ट लागली असे म्हणून बसू नये.

सारांश, पाठ ही आपली मूक चाकर आहे. तिला ओझे द्यावे, पण अंगाशी घेऊन. विसावा द्यावा, पण थोडा. दुखली तर भिऊ नये, आणि वर सांगितलेल्या खुणा दिसल्या तर धीर धरून घरी बसू नये. प्रचारक व शिक्षक बंधूंनी हा धडा ज्यांस वाचता येत नाही त्यांस वाचून दाखवावा, व तिसऱ्या भागातील परीक्षा त्यांच्याकडून करवून घ्यावी.

प्रश्न

१. स्नायूंवाचून कणा किती भार सोसतो? ह्यावरून काय समजते?
२. पाठीच्या वरच्या थरातील स्नायू कोणाची चाकरी करितात? उदाहरणे द्या.
३. मल्टिफिडस कोठे असतो, व दुखणे आल्यावर त्याचे काय होते?
४. १५ किलोची पाटी गादीपासून ४० सेंटिमीटरवर धरिली तर स्नायूंना किती जोर लावावा लागेल? २० सेंटिमीटरवर धरिली तर किती?
५. कोणती लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे?
६. आपल्या घरी पाण्याच्या किती खेपा होतात, व त्या कोण करितो? ते मोजून पाहा.